व्ही-८ मर्सिडीज गॅसवर: जर्मनीत जुनी ई ५०० वापरल्यानंतरचा अनुभव

जर्मनीतल्या मराठी मंडळींकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. जुनी, मोठ्या इंजिनाची, आधीच एलपीजी किट बसवलेली आलिशान गाडी घ्यावी का? एकेकाळी साठ हजार युरोंच्या वर किंमत असलेली गाडी सहा-सात हजारांत मिळते, वर इंधनही स्वस्त, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणार अशी शंका येणारच. मी गेल्या पावसाळी ऑक्टोबरात २००५ ची ई ५०० घेतली. मर्सिडीजच्या ई-क्लासची डब्ल्यू २११ ही पिढी, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ३०६ हॉर्सपॉवर, किट आधीच्या मालकाने बसवून घेतलेलं. कडाक्याची थंडी आणि भर उन्हाळा दोन्ही तिच्यासोबत काढल्यावर हे लिहितो आहे.

आधी उत्तर सांगतो, मग तपशील. रोजचं धावणं लांबचं असेल, इंजिन गॅस सोसणारं असेल आणि किटचे कागद चोख असतील, तर बिनधास्त घ्या. यातली एक गोष्ट जरी नसली तरी कितीही चकचकीत गाडी असो, हात लावू नका.

माझं घर हाइलब्रॉनजवळच्या गावात आणि नोकरी श्टुटगार्टला. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, बहुतेक सगळे ए ८१ ऑटोबानवर. एवढ्या धावण्याला खरं तर डिझेल गाडी शोभते आणि जुनी डिझेल ई-क्लास बाजारात ढिगाने पडून आहे. पण श्टुटगार्ट शहरात २०१९ पासून युरो ४ (धुराच्या प्रदूषणाची युरोपीय श्रेणी) आणि त्याखालच्या डिझेल गाड्यांना बंदी आहे. त्याच युरो ४ ची पेट्रोल गाडी कमी प्रदूषणाचा हिरवा स्टिकर लावून खुशाल आत जाते. म्हणजे पेट्रोल हवं, पण पाच लिटरच्या इंजिनाला पेट्रोल पाजणं म्हणजे हत्ती पोसणं. गॅसची गाडी निवडण्यामागे माझं गणित एवढंच होतं.

इंजिनाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण बरेचजण इथेच फसतात. एलपीजीचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेट न घेण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा बराच वर, त्यामुळे इंजिन ठोकत नाही आणि आवाज मऊ राहतो. पण गॅस वायुरूपात आत येतो. पेट्रोलच्या थेंबांमुळे व्हॉल्व्हला मिळणारा थंडावा त्याच्याकडून मिळत नाही, म्हणून काही इंजिनांत व्हॉल्व्हची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा, हळूहळू झिजते. ई ५०० मधलं एम ११३ हे इंजिन या बाबतीत नाव कमावून आहे: व्हॉल्व्ह सीट टणक, टॅपेट हायड्रॉलिक (व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवणारे), रचना साधी आणि पेट्रोलचं इंजेक्शन इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गात. गॅसचं काम करणारे मेकॅनिक हे इंजिन म्हटलं की निर्धास्त असतात. याउलट थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या इंजिनांत पेट्रोल इंजेक्टरची टोकं ज्वलनकक्षात असतात. ती थंड राखण्यासाठी गॅसवर चालतानाही थोडं पेट्रोल सोडावं लागतं, किटही महाग. जुन्यात घेताना ती भानगड नको. त्याच पिढीतली सहा सिलिंडरची ई ३५० स्वस्त दिसते म्हणून मोह होतो, पण तिच्या सुरुवातीच्या इंजिनांत थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचं दातेरी चाक झिजण्याची तक्रार सर्वांना ठाऊक आहे. ती घ्यायची तर इंजिन नंबर तपासूनच.

गाडी बघायला गेलो तेव्हा बाहेरचा रंग शेवटी पाहिला. आधी डिकी उघडली, गालिचा उचलला. स्टेपनीच्या खड्ड्यात गोल, मधे भोक असलेली गॅसची टाकी. तिच्यावरच्या पट्टीवर ‘६७आर-०१’ हा युरोपीय मान्यतेचा शिक्का आणि बनवल्याची तारीख असते. ती वाचता आली पाहिजे. मग गाडीच्या नोंदणीपत्रात इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत द्रवरूप गॅस लिहिलं आहे का ते पाहिलं. ही नोंद नसलेली गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा, विम्याचं तर विचारूच नका. दर दोन वर्षांच्या मुख्य तपासणीच्या वेळी गॅस यंत्रणेची वेगळी तपासणी लागते, तिचे जुने कागद मागा. आमच्या गाडीची बिलांची फाईल जाडजूड होती. पुढचे एअर सस्पेन्शनचे स्ट्रट, म्हणजे गाडी हवेवर तोलणारे खांब, बदलल्याचं बिल त्यात होतं आणि खरं सांगायचं तर त्या एका बिलाने माझा निर्णय पक्का केला.

किट डच बनावटीचं, प्रिन्स कंपनीचं. ही कंपनी आइंटहोफनची. इटलीच्या बीआरसी आणि लांडी रेन्झो यांचीही किटं इथे भरपूर दिसतात आणि चांगली चालतात. माझ्या मते ब्रँडपेक्षा बसवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. प्रत्येक सिलिंडरसाठी इनटेकमध्ये एक भोक पाडून तिथे नळी बसवावी लागते. नीट काम करणारा माणूस इनटेक पूर्ण उतरवून, टेबलावर ठेवून भोकं पाडतो. घाईतला माणूस गाडीवरच ड्रिल फिरवतो आणि धातूचा कीस आत जातो. इंजेक्टरपासून इनटेकपर्यंतच्या नळ्या आखूड आणि एकसारख्या लांबीच्या आहेत का, हे बॉनेट उघडल्यावर साध्या डोळ्यांनीही कळतं.

आता रोजचं चालवणं. गाडी नेहमी पेट्रोलवरच सुरू होते. इंजिनाचं गरम पाणी रिड्युसर या गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागातून फिरतं, त्या उष्णतेने द्रवरूप गॅसची वाफ होते आणि मगच यंत्रणा आपोआप गॅसवर जाते. उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत हे होऊन जातं. जानेवारीत मात्र गाव मागे पडेपर्यंत पेट्रोलच जळतं. गॅसवर गेल्याचं कळतं ते डॅशबोर्डवरच्या हिरव्या दिव्यावरून आणि कान देऊन ऐकलं तर इंजेक्टरच्या बारीक टिकटिकीवरून. पिकअपमध्ये मला तरी फरक जाणवत नाही. पण इंजिन तापेपर्यंत पेट्रोलच जळतं, म्हणूनच ज्यांचं धावणं फक्त मुलांची शाळा आणि सुपरमार्केट एवढंच आहे, त्यांना ही गाडी मी कधीच सुचवणार नाही. त्यांची गाडी गॅसवर जाण्याआधीच घरी पोहोचते.

गॅस भरणं इथे स्वतःच करायचं असतं. पेट्रोलच्या झाकणाआड गॅसचं छोटं तोंड आहे. त्यात आधी पितळी अडॅप्टर फिरवून घट्ट करायचा, मग नोझल बसवून दांडा ओढून लॉक करायचा आणि पंपावरचं बटण दाबून धरायचं. बटण सोडलं की भरणं थांबतं. टाकी ऐंशी टक्के भरली की आतला व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, उरलेली जागा उष्णतेने फुगणाऱ्या गॅससाठी मोकळी राहते. म्हणून ऐंशी लिटरच्या टाकीत चौसष्टच्या आसपास बसतात आणि तेवढ्यात चारशे किलोमीटर निघतात. नोझल काढताना फुस्स आवाज करत थोडा पांढरा वाफारा बाहेर येतो. तो इतका गार असतो की उघड्या बोटांना चटका बसतो. गाडीत जाड हातमोजे ठेवाच. फेब्रुवारीत एकदा अडॅप्टरच्या आट्यांवर बर्फ धरला होता, फडक्याने पुसून कोरडा केल्यावरच तो नीट बसला. तेव्हापासून वापर झाला की पुसूनच कप्प्यात ठेवतो.

हिशेब असा. ऑटोबानवर १३० च्या आतबाहेर चालवली तर ही गाडी पेट्रोलवर शंभर किलोमीटरला सुमारे १३ लिटर घेते, गॅसवर साडेपंधरा. एक लिटर गॅसमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास पाव हिस्सा कमी, त्यामुळे ॲव्हरेज पडणारच. आमच्या भागात गॅस एका युरोच्या थोडा वर, पेट्रोल पावणेदोनच्या घरात. इंजिन तापेपर्यंतचं पेट्रोल धरूनही शंभर किलोमीटरमागे पाचेक युरो वाचतात. वर्षाला वीस हजार किलोमीटर धावणाऱ्याचे हजार युरो. आठ सिलिंडरच्या गाडीला नवं किट बसवायचं तर तीन हजारांच्या आसपास मोजावे लागतात, म्हणजे ते पैसे वसूल व्हायलाच तीन वर्षं. म्हणून आधीच किट असलेली गाडी घेण्यात शहाणपण. आणखी एक गोष्ट: जर्मनीत एलपीजीवरच्या इंधनकराची सवलत २०२२ अखेर संपली. त्याआधीचे हिशेब वाचून कोणी गाडी घेऊ नये.

आता तक्रार. डिसेंबरात सिग्नलला उभी असताना गाडी गॅसवर मिसिंग करू लागली. पेट्रोलवर टाकली की मख्खन. माझ्या नेहमीच्या गॅरेजने प्लग आणि कॉइल बदलायचा मोठा अंदाज हातात दिला. मी ते केलं नाही. थोडं लांब जाऊन, फक्त गॅसचंच काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने लॅपटॉप जोडून दोन्ही इंधनांवरचे मिश्रणाचे आकडे शेजारी शेजारी लावले. गॅसवर मिश्रण एका बाजूला सरकलेलं होतं. मग फिल्टरचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं. आत काळपट, तेलकट गाळ, बोटावर घेतला तर काजळीसारखा पसरला. गॅससोबत येणारे जड अंश असे साचतात. आधीच्या मालकाने इंजिनाचं सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलं होतं, पण गॅसचे फिल्टर बदलल्याचं एकही बिल फाईलमध्ये नव्हतं. द्रव आणि वायू दोन्ही बाजूंचे फिल्टर नवे घातले, दोन इंजेक्टर साफ केले, तासभर रस्त्यावर चालवत लॅपटॉपवर नकाशा, म्हणजे गॅस केव्हा किती सोडायचा याचं कोष्टक, नीट केला. दीडशे युरोंत गाडी जागेवर आली. गॅस न जाणणाऱ्या गॅरेजवाल्याच्या मते प्रत्येक दोषाला गॅस किंवा प्लग कारणीभूत असतो. गाडी घेण्याआधी आपल्या टप्प्यात असा एक खरा जाणकार आहे का, ते शोधा. नसेल तर माझा सल्ला सरळ आहे: घेऊ नका.

गॅसमुळे पंपावरचं बिल उतरतं, बाकी गाडी साठ हजारांचीच राहते. या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला दोन प्रमाणे सोळा प्लग लागतात आणि गॅसवर ते थोडे लवकर बदलावे लागतात. वाहनकर वर्षाला ३३७ युरो. २००६ च्या फेरबदलापूर्वीच्या डब्ल्यू २११ मध्ये एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा आहे. कंपनीने २००४ मध्ये त्यासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या. तिच्या पंपात ब्रेक किती वेळा दाबले याची मोजणी होते आणि मर्यादा आली की डॅशबोर्डवर इशारा पेटतो. नवा पंप बसवला आहे का, हे विचारल्याशिवाय सौदा करू नका. ब्रेक, एअर सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स ही तिन्ही कामं एकदम निघाली तर नाकापेक्षा मोती जड. मी गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम वेगळी काढून ठेवली आहे आणि ज्याला तेवढी बाजूला ठेवता येत नाही त्याने गाडी घेण्यापुरती ऐपत असली तरी थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रवासात काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. इटली, ऑस्ट्रिया, पोलंडकडे पंपावरच्या गॅसचं नोझल वेगळ्या घाटाचं, नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये आणखी तिसरंच. तिन्ही अडॅप्टरचा संच स्वस्तात मिळतो. फ्रान्स-इंग्लंडमधल्या इंग्लिश चॅनलखालच्या बोगद्यातल्या रेल्वेवर एलपीजीची गाडी घेत नाहीत, इंग्लंडला बोटीनेच जावं लागतं. काही खासगी भूमिगत पार्किंगच्या दारावरही गॅसच्या गाड्यांना मनाईची पाटी असते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो, हे त्यामागचं कारण. आम्ही उन्हाळ्यात गार्डा सरोवराकडे गेलो होतो, मागे आई-बाबा. आल्प्सच्या चढणीवर ही गाडी ज्या सहजतेने वर जाते, ते अनुभवण्यासारखं आहे. बाबांनी तर अख्ख्या वाटेत एकदाही ‘जरा हळू’ म्हटलं नाही.

बाबांचं या गाडीवर विशेष प्रेम. आम्ही चिंचवडचे. १९९५ मध्ये मर्सिडीजची भारतात जुळवलेली पहिली ई-क्लास बाहेर पडली ती आमच्या पिंपरीतूनच, आणि पुढे ही डब्ल्यू २११ सुद्धा पुण्यात जुळवली गेली. त्यामुळे पुण्याचे मित्र विचारतात, इकडे असं करावं का? माझं उत्तर नकाराकडे झुकतं. किट मान्यताप्राप्त हवं, आरटीओत आरसीवर नोंद हवी, हे तर झालंच. पण खरी अडचण पंपांची. पुण्या-मुंबईत सीएनजी जिथे तिथे आहे, ऑटो एलपीजी शोधत फिरावं लागतं. आणि घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरून देणाऱ्यांच्या वाटेला तर चुकूनही जाऊ नका. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसं भाजून मेली आहेत. थोड्या पैशांसाठी मागच्या सीटवर बसलेल्या लेकरांचा जीव टांगणीला लावू नका.

गाडी बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा की इंजिन गार ठेवा. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा. गार इंजिन पेट्रोलवर सुरू करा, गॅसवर जाण्याच्या क्षणी हिसका बसतो का पाहा, मग उभ्या गाडीत दोन्ही इंधनांवर पाच-पाच मिनिटं आयडलिंग ऐका. ऑटोबानवर पूर्ण पिकअप घेऊन बघा, टाकीत गॅस निम्म्याहून कमी असताना बघा. विक्रेता ‘गॅस संपलाय, पेट्रोलवरच चालवून बघा’ म्हणाला, तर जवळच्या पंपावर स्वतःच्या पैशाने वीस लिटर भरा, आणि तेही नको म्हणाला तर नमस्कार करून परत या.