जुन्या लॅपटॉपचा टचपॅड: विंडोज ठेवायचं की मिंट टाकायचं, आणि मिंटमध्ये लिबइनपुट की सिनॅप्टिक्स

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासनं बेळगाव, खानापूर, निपाणीकडची ओळखीची माणसं एकच विचारायलेत, लॅपटॉप जुना आहे, त्यावर विंडोज ११ चढत नाही, मिंट (विंडोजऐवजी टाकायचं फुकटचं लिनक्स) टाकलं तर टचपॅड नीट चालेल का? मी डीटीपी करते, मराठी आणि कन्नड दोन्ही, दिवसभर हाताखाली तेच असतं, म्हणून जे वापरलंय त्यावरनं सांगते.

ड्रायव्हरच्या (म्हणजे टचपॅड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आधी एक तपासा. चार्जर लावल्यावर कर्सर थरथरतो आणि काढल्यावर शांत होतो, असं असेल तर दोष ड्रायव्हरचा नाही, बहुतेक अर्थिंगचा आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत कितीतरी बोर्डांना अर्थिंगच नसतं. मला एका दुकानात टचपॅडच बदला म्हणून सांगितलेलं, घरी येऊन दुसऱ्या खोलीतल्या तीन पिनच्या सॉकेटला लावलं आणि थरथर गेली की! खानापूरकडं पावसाळ्यात ओल्या बोटानंही असंच होतं, आधी हात पुसून बघा.

आता विंडोज. तिथं दोन प्रकार आहेत. २०१३ साली विंडोज ८.१ बरोबर प्रिसिजन टचपॅड आला, त्यात बोटांच्या खुणा विंडोज स्वतः समजून घेतं, म्हणून तीन-चार बोटांचं सगळं सरळ चालतं. त्याआधीच्या पॅडला सिनॅप्टिक्स किंवा इलान कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो, त्याची सेटिंगची खिडकी वेगळी असते आणि अपडेटमध्ये ड्रायव्हर बदलला की केलेलं सेटिंग उडू शकतं. तुमचा कुठला ते विंडोज १० च्या सेटिंगमध्ये टचपॅडच्या पानावरच लिहिलेलं असतं. प्रिसिजन असेल आणि मशीन अकराला पात्र असेल तर टचपॅडसाठी म्हणून विंडोज सोडायची काही गरज नाही, हे मी मिंटवाली असूनही सांगते.

मिंटमध्ये खरी निवड लिबइनपुट आणि सिनॅप्टिक्स या दोन ड्रायव्हरांतली. (हा सिनॅप्टिक्स म्हणजे लिनक्सचा ड्रायव्हर, वरच्या कंपनीचा नव्हे, नाव तेच म्हणून गोंधळ होतो.) मी लिबइनपुटच्या बाजूची आहे आणि कारण टायपिंगचं आहे. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी आणि कन्नडच्या कळा एकाच जागी आहेत, शिफ्ट दाबून एन मारला की मराठीत ळ येतो आणि कन्नडमध्ये कन्नडचा ळ, त्यामुळं बोटं न बघता धावतात आणि तळहात पॅडवर घासतो. जोडाक्षरासाठी डी दाबून हलंत दिला आणि तेवढ्यात कर्सर दोन ओळी वर उडाला, तर अर्धं अक्षर इथं आणि उरलेलं लग्नपत्रिकेतल्या नवरीच्या मामाच्या नावात. लिबइनपुट टाईप करताना पॅड आपोआप थोडा वेळ बंद ठेवतं, तळहात पण ओळखतं, आणि हे मुळातच चालू असतं. सिनॅप्टिक्सला त्यासाठी सिनडेमन नावाचा वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागतो. एक मात्र आहे, लिबइनपुटमध्ये टॅप करून क्लिक हे मुळात बंद धरलेलं असतं, पॅड बिघडलाय असं समजू नका, सेटिंगमध्ये चालू करा.

सिनॅप्टिक्स कुणी घ्यावा? ज्यांचा पॅड झिजलाय त्यांनी. किती दाब आला म्हणजे स्पर्श धरायचा हे त्यात आकड्यात सांगता येतं, गोल बोट फिरवून स्क्रोल होतो, बोट उचलल्यावरही पान थोडं पुढं घसरत राहतं. पण त्याचा विकास थांबल्यातच जमा आहे, वेलँडवर (लिनक्समध्ये स्क्रीनवर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) तो चालतच नाही, आणि तीन बोटांच्या खुणा त्यात मिळत नाहीत. दोन्ही एकदम टाकले तर सिनॅप्टिक्सच पुढं येतो, कारण त्याच्या सेटिंगच्या फाईलचा नंबर ७० आणि लिबइनपुटचा ४०, नंतर वाचलेली फाईल जिंकते. म्हणून सेटिंग बदलून काहीच फरक पडेना झाला तर आधी सिनॅप्टिक्स काढून लॅपटॉप रिस्टार्ट करा.

पॅड अजिबातच दिसत नसेल किंवा साध्या माऊससारखा चालत असेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बघा. एसरसारख्या काही लॅपटॉपमध्ये टचपॅडला बेसिक आणि अॅडव्हान्स्ड असा पर्याय असतो, बेसिक म्हणजे १९८७ पासनंची पीएस/२ जोडणी, अॅडव्हान्स्ड म्हणजे नवी आयस्क्वेअरसी (I2C) जोडणी. नव्या कर्नलला (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) अॅडव्हान्स्ड बहुतेक चालतं आणि बोटांच्या खुणा त्यातच नीट येतात, जुन्या कर्नलवर पॅड गायब झाला तर बेसिकवर आणा, निदान काम तरी थांबत नाही.

तेव्हा प्रिसिजन आणि अकरा चढणारं मशीन असेल तर विंडोज, नाहीतर मिंट आणि लिबइनपुट, आणि पॅड अगदीच घासलेला असेल तरच सिनॅप्टिक्स. डिस्क पुसायच्या आधी मिंट पेनड्राईव्हवरनं लाईव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, मराठी आणि कन्नड लेआउट जोडा, प्रत्येकी एक पान भराभर टाईप करा, एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून. कर्सर जागचा हलला नाही तर मगच इन्स्टॉलचं बटण दाबा.