ला फोर्तुना : घोड्यावरून धबधब्यापर्यंतच्या एका दिवसाच्या सहलीचे परीक्षण

कोस्टारिकाला जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांच्या यादीत ला फोर्तुनाचा धबधबा असतो. तेथे ला फोर्तुना गावातून मोटारीने पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येते, पण गावातल्या अनेक सहल कंपन्या कुरणांतून आणि जंगलाच्या कडेकडेने घोड्यावरून नेणारी, गाइड बरोबर असलेली सहलही आयोजित करतात. आम्ही तिघांनी, म्हणजे मी, माझे पती आणि महाविद्यालयात शिकणारी आमची मुलगी यांनी, फेब्रुवारी महिन्यात अशी सहल केली. ती आम्हाला मनापासून आवडली आणि त्याचे बरेचसे श्रेय धबधब्याइतकेच, किंबहुना त्याहून थोडे अधिक, घोड्यांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या गाइडला द्यावे लागेल. मात्र कंपनीच्या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी मला फार खटकल्या. दोन्ही घोड्यांशीच संबंधित आहेत आणि कोणत्याही कंपनीकडे नोंदणी करताना विचारण्यासारख्या आहेत, म्हणून कंपनीचे नाव न घेता त्या लिहीत आहे.

माणशी ९० डॉलर घेतले गेले. त्यात हॉटेलवरून ने-आण, धबधब्याचे प्रवेशशुल्क, हेल्मेट आणि परत आल्यावरचे जेवण धरलेले होते. डॉलर आणि तिथले कोलोन हे चलन दोन्ही चालते. गाइड इंग्रजी उत्तम बोलत होता, त्यामुळे भाषेची अडचण कोठेही आली नाही. सकाळी साडेसातला व्हॅन आली आणि पाऊण तासात आम्ही घोड्यांच्या आवारात उभे होतो, समोर आरेनाल ज्वालामुखीचा जवळजवळ निर्दोष शंकू आणि त्याच्या माथ्यावर ढगाची टोपी. शेकडो वर्षे शांत असलेला हा डोंगर २९ जुलै १९६८ रोजी फुटला, पश्चिमेकडची गावे त्याने उद्ध्वस्त केली आणि त्यानंतर तो २०१० पर्यंत धुमसत राहिला. ला फोर्तुना पूर्वेच्या बाजूला असल्यामुळे वाचले. ज्या काळपट, भुसभुशीत मातीवरून आमचे घोडे चालणार होते ती अशाच जुन्या राखेतून तयार झालेली आहे, आणि तिच्यावर टापांचा आवाज जवळजवळ येतच नाही, हे पुढे वाटेत लक्षात आले.

या सहलीचे मोल पहिल्या अर्ध्या तासातच कळते, असे माझे मत आहे. गाइडने कोणालाही लगेच घोड्यावर बसवले नाही. घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त थेट पाठीमागचे आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातले दिसत नाही, म्हणून त्याच्या तोंडावर एकदम हात न नेता खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे, हे त्याने आधी समजावले आणि प्रत्येकाकडून करून घेतले. चढण्यासाठी लाकडी पायऱ्यांचा चौथरा होता. जमिनीवरून रिकिबीत पाय देऊन चढलो, तर खोगीर एका बाजूला ओढले जाते आणि घोड्याच्या पाठीला पीळ पडतो, म्हणून तरण्याताठ्या मुलांनाही त्याने चौथऱ्यावरूनच चढायला लावले. माझ्या वाट्याला कानेला नावाची दालचिनी रंगाची घोडी आली, आणि नावाचा अर्थही दालचिनी असाच आहे. तिचा तंग, म्हणजे खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा, आवळल्यावर गाइडने पट्टा आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटे सरकवून पाहिली, मग पाच-दहा मिनिटे चालून झाल्यावर सगळ्यांना थांबवून प्रत्येक तंग पुन्हा तपासला. काही घोडे पहिल्यांदा तंग आवळताना पोट फुगवून धरतात आणि नंतर श्वास सोडला की पट्टा सैल होतो, असे त्याने सांगितले. कानेलाचा तंग खरोखरच दोन भोके आत घ्यावा लागला. हे न पाहता पुढे गेलो असतो, तर पहिल्या उतारावर खोगिरासकट मी घोडीच्या कुशीला लोंबकळले असते.

पहिली तक्रारही इथलीच आहे. नोंदणीच्या वेळी कंपनीने आमचे वय विचारले, पूर्वी घोडा चालवला आहे का हे विचारले, परंतु वजन विचारले नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून जास्त भार असू नये, असे घोड्यांचे जाणकार सर्वसाधारणपणे मानतात. घोडा ४०० किलोंचा असेल तर ही मर्यादा ८० किलो होते, आणि जाड चामड्याचे पाश्चात्त्य पद्धतीचे खोगीरच १५ किलोंच्या आसपास भरते, म्हणजे स्वारासाठी उरतात फक्त ६५ किलो. आमच्या दहा जणांच्या गटात एक गृहस्थ शंभर किलोंच्या पुढचे होते आणि त्यांच्यासाठी एक लहानखुरा घोडा आणला जात होता. गाइडने तो लगेच थांबवला आणि आवारातला सर्वांत दणकट घोडा आणवला. तरीही हिशेब मर्यादेच्या बाहेरच जात होता, आणि त्या सज्जन माणसाला इतक्या अनोळखी लोकांसमोर आपल्या वजनाची चर्चा ऐकत उभे राहावे लागले ते वेगळेच. नोंदणीच्या अर्जात एक रकाना ठेवला असता, तर घोड्याचा त्रास आणि माणसाचा संकोच दोन्ही टळले असते.

प्रत्यक्ष रपेट जाताना सव्वा ते दीड तासाची आहे आणि तिचा बराचसा भाग साध्या चालीने होतो. ज्यांना भरधाव दौड हवी असेल त्यांची निराशा होईल, पण मला ही चाल योग्य वाटली, कारण वाटेत चिखल, ओढे आणि ओल्या दगडांचे उतार आहेत आणि गटात निम्मे लोक प्रथमच खोगिरावर बसलेले होते. चढावर थोडे पुढे झुकायचे, उतारावर मागे रेलायचे आणि लगाम सैल सोडायचा, म्हणजे घोड्याला मान खाली घालून पाऊल कोठे टाकायचे ते पाहता येते. पहिल्या उतारावर मी भीतीने लगाम घट्ट ओढून धरला होता आणि कानेला मान झटकत होती. गाइड मागून शांतपणे ‘सुएल्ता’, म्हणजे ‘सोड’, असे म्हणाला. मी सोडला, तिने मान खाली घातली, एक पाऊल टाकले, चाचपले, मग दुसरे टाकले, आणि तो सगळा उतार तिने असा उतरला की मला फक्त बसून राहायचे होते. ‘मांड पक्की असणे’ हा शब्दप्रयोग मी आयुष्यभर ऐकत आणि वापरत आले आहे, पण तो नुसता अलंकार नसून मांड्या, कंबर आणि श्वास यांची एक विशिष्ट स्थिती आहे, हे मला त्या उतारावर कळले. पुढे एका सपाट कुरणावर ज्यांची इच्छा होती त्यांना दुडक्या चालीने जाऊ दिले गेले. मुलगी गेली, मी मागे राहिले.

वाटेत टुकान पक्ष्यांची एक जोडी दिसली आणि कोठेतरी दूर माकडे ओरडत होती. प्राणी बघायलाच जायचे असेल, तर पायी हिंडणारी सहल घ्यावी, कारण घोड्यांच्या रांगेत थांबून दुर्बीण लावणे शक्य होत नाही. कोस्टारिकात डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ मानला जातो खरा, पण ला फोर्तुना कॅरिबियन बाजूच्या उतारावर असल्यामुळे तेथे त्या महिन्यांतही सरी येतात. आमच्यावरही एक आली. तेव्हा कोणीतरी घोड्यावर बसल्या बसल्या प्लॅस्टिकचा रेनकोट उलगडू लागले आणि गाइडने जवळजवळ ओरडूनच त्यांना थांबवले. त्या फडफडीने घोडा बुजतो, आणि एक बुजला की मागचे पुढचे सगळे बुजतात. रेनकोट हवाच असेल तर निघण्यापूर्वी अंगात घालून निघावे, हे आम्हाला सकाळीच सांगायला हवे होते.

धबधब्याच्या प्रवेशद्वाराच्या अलीकडे घोडे सावलीत बांधून ठेवले जातात. हे ठिकाण गावाच्या सामुदायिक विकास संस्थेकडून चालवले जाते आणि तिकिटांच्या उत्पन्नातून गावाची कामे होतात. त्यामुळे प्रवेशशुल्काबद्दल मला वाईट वाटले नाही, आणि जागेची स्वच्छता पाहता ते पैसे नीट वापरले जात असावेत असे दिसले. धबधबा सुमारे ७० मीटर उंचीचा आहे आणि त्याच्या पायथ्याशी जाण्यासाठी सुमारे ५०० पायऱ्या उतराव्या लागतात. वरच्या सज्जातून तो हिरव्या भिंतीवर ओढलेल्या एका पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. पायऱ्या उतरताना तो कधी झाडांआड जातो, पण त्याचा आवाज प्रत्येक वळणावर वाढत राहतो, आणि शेवटच्या टप्प्यावर तर पाण्याच्या माऱ्याने उठणारा वारा तुषारांसकट अंगावर येतो. सेर्रो चातो या आरेनालच्या शेजारच्या निद्रिस्त ज्वालामुखीच्या उतारावरून येणारे हे पाणी बऱ्यापैकी गार असते, आणि दीड तासाच्या स्वारीनंतर त्यात पाय सोडून बसण्याचे सुख शब्दांत सांगणे अवघड आहे.

मुख्य डोहात धारेखाली जाऊ नये, हे तेथील सूचनाफलकही सांगतात आणि गाइडनेही बजावले. तेथे पाण्याला जबरदस्त ओढ असते आणि फेसाळलेल्या, हवा मिसळलेल्या पाण्यात शरीर नेहमीसारखे तरंगत नाही. प्रवाह थोडा खाली गेल्यावर मोठमोठ्या दगडांमध्ये उथळ, नितळ डोह आहेत. तेथे मासे पायांजवळ येतात, आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांनी सरळ तेथेच जावे. आम्हाला धबधब्यावर एकूण सव्वा तास मिळाला. ऐकायला तो पुरेसा वाटतो, परंतु उतरायला पंधरा मिनिटे आणि चढून यायला, माझ्या वयाच्या गुडघ्यांना, तीस मिनिटे लागली. कपडे बदलण्याचा वेळ धरला तर पाण्याजवळ जेमतेम वीस मिनिटे उरली. सहल पूर्ण दिवसाची म्हणून विकली जाते आणि दुपारी एकला संपते, तेव्हा येथे आणखी अर्धा तास देणे सहज शक्य होते. ज्यांना ५०० पायऱ्या झेपणार नाहीत त्यांनी वरच्या सज्जातून दर्शन घेऊन बागेतली ऑर्किडे पाहावीत. त्यांचा वेळ वाया जाणार नाही.

कपड्यांबद्दल एक सूचना कळकळीने करते. पोहण्याच्या कपड्यांवर लांब, सुती विजार आणि बंद बूट घालून जावे, बुटाला थोडी टाच असावी, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार घसरत नाही. परतीच्या स्वारीपूर्वी वर येऊन पूर्ण कोरडे कपडे घालावेत. माझे पती ओल्या चड्डीवरच विजार चढवून बसले, आणि पुढचा सव्वा तास ओले कापड खोगिरावर घासून त्यांच्या मांड्या इतक्या सोलवटल्या की दुसऱ्या दिवशीचा सगळा कार्यक्रम रद्द करावा लागला.

परतल्यावरचे जेवण साधे आणि चांगले होते. कासादो म्हणून तेथे मिळणाऱ्या थाळीत भात, काळा घेवडा, तळलेली पिकलेली केळी आणि कोशिंबीर असते, आणि आधी सांगितल्यास मांस वगळून देतात.

जेवण सुरू होण्याआधी कानेलाचे खोगीर उतरवले तेव्हा मी तेथेच उभी होते. तिच्या पाठीवर खोगिराच्या आकाराचा घामाचा गडद ठसा उमटला होता. मोतद्दार मुलाने तिच्या अंगावरून पाणी सोडले, पाठीवर कोठे सोलले आहे का ते तळहाताने चाचपून पाहिले, आणि सुटल्याबरोबर ती मातीत आडवी होऊन दोन्ही कुशींवर लोळली. पाऊण तासाने आमचे जेवण आटोपले तेव्हा दुपारची तुकडी आली होती आणि सकाळच्या दहा घोड्यांपैकी सहांवर पुन्हा खोगीर चढले होते, त्यांत कानेला होती. मी गाइडला विचारले. गर्दीच्या दिवसांत दोन फेऱ्या होतात, आणखी घोडे हवेत असे आपण मालकांना सांगितले आहे, असे तो हळू आवाजात म्हणाला, आणि तिच्या तंगाखाली पुन्हा दोन बोटे सरकवून पाहू लागला. एवढ्या काळजीने घोडे हाताळणाऱ्या माणसाला हे करावे लागत होते, याचे मला फार वाईट वाटले.

त्याच संध्याकाळी मी कंपनीला सविस्तर लिहिले. नोंदणी करताना वजन विचारावे आणि एका घोड्याला दिवसातून एकच फेरी द्यावी, अशा दोन विनंत्या केल्या, आणि त्यासाठी दर वाढवावा लागला तरी आमची तयारी असेल हेही कळवले. चार दिवसांनी आभाराचे उत्तर आले. वजनाचा रकाना त्यांच्या अर्जात आता आला आहे, तो मी स्वतः पाहिला. दुपारच्या फेरीबद्दल मात्र त्या उत्तरात काही नव्हते, म्हणून मी पुन्हा लिहिले आहे.