आठ महिने खापरं ओळखणाऱ्या मॉडेलसोबत

घोड नदीच्या खोऱ्यात वेचलेली खापरं धुऊन, शाईने नंबर टाकून पिशव्यांत पडली होती. माळवा कुठलं आणि जोर्वे कुठलं (ताम्रपाषाण काळातल्या भांड्यांचे हे दोन प्रकार) हे निवडत बसायला माणूस मिळेना. म्हणून रेझनेट-50 हे फोटो ओळखायला आधीच शिकलेलं तयार संगणकी मॉडेल घेऊन आमच्या फोटोंवर पुन्हा शिकवलं. आता आठ महिने तेच वापरतोय.

जोर्वे म्हणजे तांबूस-नारिंगी, चकाकी नसलेलं अंग आणि त्यावर काळ्या रेघांची भौमितिक नक्षी. असा तुकडा समोर आला की मॉडेल क्वचितच चुकतं. ढिगाची पहिली चाळणी दुपारभरात उरकते, हा मोठाच दिलासा.

सुरुवातीला मात्र साफ फसलो. निकाल संशय यावा इतके छान येत होते. शेवटी ग्रॅड-कॅम लावला. त्यात मॉडेल फोटोत नेमकं कुठे बघतंय ते रंगांत दिसतं. लाल डाग खापरावर नव्हताच, खालच्या कापडावर होता! जोर्वेचे फोटो निळ्या कापडावर काढलेले, माळव्याचे उघड्या टेबलावर. पठ्ठ्या कापड ओळखत होता. सगळे फोटो पुन्हा काढले: राखाडी कागद, एकाच बाजूने दिवा आणि खापर पूर्ण वाळलेलं, कारण ओलं खापर फोटोत भलतंच गडद येतं.

बिननक्षीच्या तुकड्यांवर अजूनही अडतं. माळव्याच्या मातीत भुसा मिसळलेला असतो. तुटलेल्या कडेला भिंग लावलं की जळालेल्या काडीची पोकळी दिसते. जोर्वे बारीक मातीचं, पक्कं भाजलेलं, टिचकी मारली की खणखणतं. आता टिचकीचा फोटो कसा काढणार? कडेचे फोटो वेगळे द्यायला लागल्यापासून थोडा फरक पडलाय. पिसा विद्यापीठाच्या पुढाकाराने 2016 ते 2019 दरम्यान झालेल्या आर्काइड या फोटोवरून खापरं ओळखण्याच्या प्रकल्पात आकार आणि नक्षी यांची ओळख वेगवेगळी ठेवली होती. त्यांची खापरं रोमन अँफोरा (दोन कानांचे उंच रांजण) वगैरे, आपल्या कामाची नाहीत. पण ही युक्ती आधीच उचलायला हवी होती.

घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननातून ठरलेल्या कालक्रमातलं पूर्व जोर्वे (इ.स.पू. 1400-1000) आणि उत्तर जोर्वे (इ.स.पू. 1000-700) मी मॉडेलवर सोडतच नाही. तिथे आमचं आम्हालाच जमत नाही. एकाच तुकड्यावर मी एक शिक्का मारलेला आणि सहकाऱ्याने दुसरा. मॉडेल बिचारं काय शिकणार!

सगळ्यात चीड येते ती त्याच्या ठामपणाची. ‘माहीत नाही’ हे उत्तर त्याच्याकडे नाहीच. गंमत म्हणून मंगळुरी कौलाचा तुकडा ठेवला, तर बेधडक ‘जोर्वे’. आता कौलं, फुटक्या कुंड्या, विटांचे तुकडे यांचा ‘इतर’ म्हणून वेगळा गट शिकवतोय. त्यासाठी शेजाऱ्यांच्या गच्चीवरून कुंड्या गोळा करणं चालू आहे.