कचरावाल्या ताई पाचपैकी पाच, आमचं घर दीड

हॉटेलांचे रिव्ह्यू लिहितात, मिक्सरचे लिहितात, कचरा नेणाऱ्यांचा कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितोय. पुण्यात राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि रोज साडेआठ-पावणेनऊला बेल वाजली की आई आतून ओरडते, अरे ताई आल्या, बादली दे.

आमच्याकडे 'स्वच्छ'च्या ताई येतात. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, ही कंपनी-बिंपनी नाहीये, कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, 1993 ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत म्हणून संघटना उभी राहिली तिच्यातून निघालेली, आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा नेतात. मेंबर तीन हजारांच्या वर, बहुतेक बायकाच. महिन्याचे ठरलेले पैसे आपण द्यायचे, आणि सुक्यातलं जे विकलं जाईल त्याचे पैसे त्या ताईंचे. हे शेवटचं मला चार वर्षं माहीतच नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

कारण मध्यंतरी मी हुशारी केली. भंगार नेणारं एक अॅप टाकलं, नाव नको. कमीत कमी अमुक किलो पाहिजे म्हणून तीन आठवडे बाल्कनीत ढीग साठवला, आईची बोलणी खाल्ली, स्लॉट दोनदा बदलला, शेवटी मुलगा आला आणि पेपर आणि पुठ्ठा मोजून नेला. काचेच्या बरण्या, टेट्रापॅक, वेफर्सची पाकिटं सगळं तिथेच. अहो ज्याला भाव आहे तेवढंच उचलणं आमचा रद्दीवालापण करतो, त्याला नोटिफिकेशन लागत नाही! दोन स्टार, तेही वजनकाटा बरोबर होता म्हणून. दुसऱ्या दिवशी ताई सुक्याची पिशवी हातात तोलून एवढंच म्हणाल्या, "पुठ्ठा गेला वाटतं दादा." कसंतरीच झालं मला.

मग एका रविवारी खाली पार्किंगमध्ये त्या कचरा निवडत होत्या तिथे जाऊन उभा राहिलो. ताडपत्रीवर एकेका घराची पिशवी पालथी करायची आणि हात असे चालतात की बघत राहावं, बाटल्या इकडे, पुठ्ठा तिकडे, पत्रा वेगळा. आमची पिशवी आली. वर दह्याचा डबा, तळाशी बोटभर दही, ते सांडून खालचे चार पेपर लगदा झालेले. "हे बघा दादा, ह्याला आता कोण घेईल? ओल्या कागदाचं दुकानदार वजन कापतो." मी म्हटलं आम्ही वेगळं तर करतो की ओलं-सुकं. तर म्हणाल्या, "वेगळं करता, विसळत नाही." बरं, साबणबिबण लावून घासायचं नाहीये, भांडी घासताना शेवटचं पाणी उरतं त्यात एक हात फिरवायचा आणि निथळायला पालथं ठेवायचं, झालं.

पिझ्झाचा बॉक्स त्यांनी माझ्यासमोर टरकन फाडला, तेलकट तळ ओल्यात, कोरं झाकण पुठ्ठ्यात. दुकानाची गुळगुळीत बिलं, जी नखानं ओरखडली की काळी होतात, ती रद्दीत नकोत. वेफर्सच्या पाकिटाला आतून जो चंदेरी थर असतो तो प्लास्टिकपासून सुटत नाही म्हणून त्याला भाव नाही, तरी सुक्यातच द्यायचं. टेट्रापॅकमध्ये कागद, प्लास्टिक, अॅल्युमिनियम असे थर असतात पण त्याचं होतं काहीतरी, फक्त चेपून द्या म्हणाल्या, नाहीतर पोतं नुसतं हवेनंच भरतं.

आणि दुधाची पिशवी! आपण सगळे कात्रीनं कोपरा उडवतो की नाही, तो नखाएवढा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, झाडताना गटारात जातो. कोपरा अर्धवट कापायचा, लटकत राहू द्यायचा. 2018 च्या प्लास्टिकबंदीत रिकामी पिशवी परत घेऊन पन्नास पैसे देणार असं होतं, आमच्या दूधवाल्याला विचारलं तर तो हसला. आता आई पिशव्या धुऊन चिमट्यानं दोरीवर वाळत घालते, समोरच्या काकू विचारत होत्या हे काय नवीन.

एक गोष्ट लिहायची लाज वाटते पण लिहितो. गेल्या वर्षी ताईंच्या बोटाला लागलं होतं ते आमच्याच पिशवीतल्या ब्लेडनं. बाबा दाढी झाली की सुटंच टाकायचे. त्यांनी तेव्हा सांगितलंसुद्धा नाही, त्या रविवारी वण दाखवला. आता ब्लेडं तेलाच्या रिकाम्या डब्यात साठवतो आणि भरला की झाकण चिकटवून हातात वेगळा देतो. फुटकी काच पेपरात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात 'काच'. पॅड, डायपर पेपरात गुंडाळून त्यावर लाल ठिपका, म्हणजे उघडून बघावं लागत नाही, ही 'स्वच्छ'चीच आयडिया आहे आणि फुकट आहे, स्केचपेन तेवढा लागतो. जुन्या औषधांची, सेलची, बल्बची पिशवी निराळी.

जुने कपडे, बंद पडलेला टोस्टर असलं काही असेल तर ते गोळा करायला 'स्वच्छ'चंच व्ही-कलेक्ट नावाचं काम आहे. गणपतीत घाटावर निर्माल्य वेगळं घ्यायला उभ्या असतात त्यापण ह्याच.

कमी स्टार द्यायचे तर आमच्या बिल्डरला, चाळीस गाड्यांचं पार्किंग काढलं पण कचरा निवडायला सावलीत चार बाय चारची जागा नाही, ताई जिन्याखाली वाकून बसतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले बघू.

घरी आता बरंच जमतंय. फक्त नारळाच्या करवंट्यांचं भांडण चालू आहे, ओल्यात टाकल्या तर खतात कुजत नाहीत लवकर आणि आई म्हणते बंबाला लागतील. आमच्याकडे बंब नाहीये. सध्या बाल्कनीत तेवीस जमल्यात.