हवा मोजायचं यंत्र, तीन महिने वापरून: ओझोनसाठी घ्या, धुक्यात विश्वास ठेवू नका

जानेवारीत ऑनलाइन मागवलं, साडेनऊ हजार गेले, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पीएम २.५ (म्हणजे हवेतले अगदी बारीक कण), ओझोन (जमिनीलगत असला की श्वासाला त्रास देणारा वायू) आणि दमटपणा दाखवतं. हडपसरला पाचव्या मजल्यावर बाल्कनीत सावलीला ठेवलंय.

आधी तक्रार. एका धुक्याच्या सकाळी पीएम डायरेक्ट २८०, पोरांना शाळेत पाठवायचं की नाही इथपर्यंत घरात वाद, आणि नऊला ऊन पडलं तर ९०! आतल्या लेझरला कण कोणता नि थेंब कोणता कळतच नाही. कस्टमर केअरवाला म्हणतो, सर रिस्टार्ट करा. अरे दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, रिस्टार्टने काय होणार? तसं धुकं म्हणजे नुसतं पाणी नसतंच म्हणा, थेंबात सल्फर डायऑक्साइड विरघळतो, उन्हाच्या कृपेने हवेत बनलेलं हायड्रोजन पेरॉक्साइडही उतरतं, दोघांचं मिळून सल्फेट होतं आणि थेंब वाळला तरी ते कण होऊन तरंगत राहतं. यातलं काही या डब्याला दिसत नाही.

पैसे वसूल झाले ते ओझोनच्या ग्राफमध्ये. मार्चमध्ये सकाळी आठला १२ पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत इतके भाग), दुपारी तीनला ६०च्या वर, आणि आकाश एकदम निळंशार! गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड उन्हाने फुटतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू साध्या ऑक्सिजनला चिकटतो की झाला ओझोन, त्यात पेट्रोलच्या वाफा असल्या की साचतच जातो. आपल्याकडची मर्यादा ८ तासांच्या सरासरीला घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ५० पीपीबी. गंमत म्हणजे भर ट्रॅफिकच्या चौकात नेलं तर आकडा कमी, मला वाटलं बिघडलं, पण सायलेन्सरमधून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो.

सेन्सर नायट्रोजन डायऑक्साइडलाही थोडा फसतो, त्यामुळे नेमका आकडा सोडा, चढउतार बघा. खात्री म्हणून जुना जुगाड केला, पूर्वी लॉस एंजेलिसला रबराला पडलेल्या भेगांवरून ओझोन मोजायचे. फुलांच्या पुडीचे दोन रबर ताणून बांधले, एक बाल्कनीत सावलीला, एक कपाटात. बाहेरच्याला महिन्याभरात आडव्या बारीक चिरा, कपाटातला जसाच्या तसा.

बाबांना दमा आहे, म्हणून दुपारचा ओझोन टाळायला त्यांचं साडेचारचं फिरणं आता संध्याकाळी सातला. बॅटरी जेमतेम चार तास, चार्जर वेगळा घ्यावा लागतो. पाचपैकी साडेतीन.