सलालाला परत जायचंय: खरीफात की हिवाळ्यात?

ओमानच्या दक्षिणेला, धोफार प्रांतातल्या सलाला शहरात ज्यांची काही वर्षं गेली आहेत त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. पहिल्यांदा जाणाऱ्याचं सोपं असतं. त्याला हिरवे डोंगर बघायचे असतात, तो जुलै-ऑगस्ट गाठतो. तिथे संसार मांडून आलेल्याला डोंगर हवे असतात, समुद्र हवा असतो आणि जुनी माणसंही हवी असतात. एका फेरीत हे सगळं मिळत नाही. आम्ही २००८ ते २०१४ दहारीज भागात राहिलो. पुढे दोनदा जाऊन आलो, एकदा ऑगस्टात, एकदा जानेवारीत. दोन्ही वेळा उतरलो ते एकच गाव होतं असं म्हणवत नाही.

‘खरीफ’ हा आपल्या खरीप हंगामातलाच शब्द. अरबीत त्याचा अर्थ शरद, पण धोफारमध्ये २१ जून ते २१ सप्टेंबर या दिवसांना खरीफ म्हणतात. नैऋत्येचा वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकलतो, खालचं गार पाणी वर येतं, त्यावरून येणारी दमट हवा गार होते आणि डोंगरांना अडून तिचं धुकं होतं. वर वाळवंटाची गरम, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते, म्हणून ढग उंच चढत नाही. धो धो पाऊस नसतोच. दिवसभर भुरभुर. भुवयांवर बारीक थेंब जमतात, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात.

ऑगस्टातली एक गोष्ट कुणीही चुकवू नये. सलालाहून थुमरैतच्या रस्त्याने डोंगर चढलो. माथ्यापर्यंत वायपर सुरू, पुढच्या गाडीचे फक्त दिवे दिसत होते. माथा ओलांडला आणि पाचएक मिनिटांत धुकं सरलं, काच कोरडी झाली. खिडकी खाली केली तर भट्टीसारखी हवा आत आली. लोबानाची झाडं याच कोरड्या बाजूला, वादी दौकाच्या माळावर आहेत. खरीफाची भुरभुर त्यांना सोसत नाही. सहा वर्षं तिथे राहून मी हा रस्ता कितीदा गेले असेन, पण परतल्यावर त्या माथ्यावर डोळे भरून आले.

आता दुसरी बाजू. सौदी, कुवेत, अमिरातीच्या गाड्यांनी इत्तीनचा रस्ता संध्याकाळी तासन्‌तास तुंबतो. जिथे आम्ही गाडी लावून मिश्काकच्या, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या काड्या निवांत खायचो, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. शहरातल्या साध्या फ्लॅटला रात्रीचे ४५ रियाल मोजले, तसाच फ्लॅट जानेवारीत १८ रियालला मिळाला. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांचं गणित वेगळं आहे. हिवाळ्यात युरोपातून चार्टर विमानं येतात, त्यामुळे तिथे थंडीतही स्वस्ताईची आशा धरू नका. शहरात राहिलात तरच फरक पडेल.

समुद्राबाबत मी ठाम आहे. खरीफात तो फक्त लांबून बघायचा. मुघसैलला मरनीफ गुहेजवळ खडकाच्या भोकांतून पाण्याचे उंच फवारे उडतात, दृश्य जबरदस्त असतं, आणि तिथेच धोका आहे. जुलै २०२२ मध्ये कुंपण ओलांडून पुढे गेलेल्या भारतीय पर्यटकांना लाटेने ओढून नेलं, त्यात लहान मुलंही होती. ‘आम्ही इथे राहिलोय, आम्हाला माहीत आहे’ या भरवशावर कुणीही कुंपणापलीकडे जाऊ नये. जानेवारीत त्याच भोकांतून नुसता सुस्कारा ऐकू येतो, पाणी निळंशार असतं आणि पोहता येतं. खोर रोरीच्या खाडीत फ्लेमिंगो उभे असतात, वर सुमहुरमच्या जुन्या बंदराचे दगड स्वच्छ उन्हात दिसतात. खरीफात तिथे धुक्याने समोरची भिंतही धड दिसली नव्हती.

डोंगर मात्र जानेवारीत पिवळे पडलेले असतात. वादी दरबातच्या दरीत पाणी असतं, उंट असतात, धबधबा नसतो. मुलांना ‘आम्ही किती हिरव्या जागी राहायचो’ हे दाखवायचं असेल तर त्यांची निराशा होईल.

पण माझ्यासाठी निर्णय ठरवणारी गोष्ट वेगळीच निघाली. दहारीजच्या बागांजवळ नारळ-केळ्यांच्या टपऱ्या आहेत. त्यातल्या एका चितगावच्या भाऊंकडून आम्ही सहा वर्षं शहाळी घेतली, माझी मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर चालायला शिकली. ऑगस्टात त्यांच्यापुढे गाड्यांची रांग होती. हातातला कोयता न थांबवता त्यांनी आम्हाला ओळखलं, हसले, दोन शहाळी पुढे केली, पैसे घेतले नाहीत, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. आमचे जुने घरमालकही वरचा मजला पाहुण्यांना देऊन त्यांच्या सरबराईत अडकलेले. सीझन म्हणजे तिथल्या माणसांची वर्षाची कमाई, त्यांना दोष कसा देणार? जानेवारीत त्याच टपरीवर भाऊंनी खुर्ची ओढून दिली आणि आम्ही दीड तास बसलो. सहा वर्षांत कळलं नव्हतं ते त्या दीड तासात कळलं: घरी चार बहिणी आहेत आणि चौघींची लग्नं त्यांनी या टपरीच्या कमाईवर केली.

म्हणून माणसांना भेटायला जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारी. मुलांना ते हिरवं जग पहिल्यांदा दाखवायचं असेल तर खरीफ, पण ऑगस्टच्या मध्यानंतर, म्हणजे डोंगर पुरते हिरवे झालेले असतात. मे महिना टाळाच. उकाडा असतो, खरीफ सुरू झालेला नसतो, आणि वादळाची शक्यताही असते. २०१८ चं मेकुनू मे महिन्यातच सलालावर आलं होतं.

दोन्हींच्या मध्ये स्थानिक लोक ज्याला ‘सर्ब’ म्हणतात तो काळ आहे, २१ सप्टेंबरनंतरचा. धुकं हटतं, गवत अजून हिरवं असतं, समुद्र निवळायला लागतो, खरीफात चिखलामुळे खाली आणलेले उंट पुन्हा डोंगरावर चढवतात. बाहेरच्या गाड्या परतलेल्या असतात. तिथे राहत होतो तेव्हा मला हेच दिवस सर्वांत आवडायचे, आणि परतीच्या फेऱ्यांत नेमके तेच राहून गेले. मस्कतहून सलालाचं विमान दीड-पावणेदोन तासांचं आहे, गाडीने गेलात तर वाळवंटातून हजारएक किलोमीटर. यंदा आम्ही २८ सप्टेंबरचं विमान धरलंय. टपरीवर फोन करून विचारलं, भाऊ म्हणाले, तेव्हा मी रिकामाच असतो, या.