०७१ इंजिन, अकरा महिने आणि साडेचार मिलिमीटर

काल पोस्टानं माझ्या मॉडेल रेल्वे इंजिनाचा बदली डिकोडर (इंजिनाला आज्ञा पोचवणारा आणि त्याचा आवाज काढणारा छोटा सर्किट बोर्ड) आला. नऊ आठवडे, सतरा ईमेल आणि तीन फोन झाल्यावर आला. रात्रीच बसवला, ०७१ पुन्हा बोलायला लागलं, म्हणून आज लिहायला बसले. हेच दोन महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर नुसता राग ओतला असता. तेव्हा लिहिलं नाही ते बरंच झालं, कारण मधल्या काळात माझं एक मत साफ बदललं.

माझं मॉडेल ओओ गेजचं, म्हणजे खऱ्याच्या १:७६ मापाचं, आणि डीसीसीवर, म्हणजे रुळातून डिजिटल आज्ञा देऊन चालणारं. मॉडेल आयर्लंडच्या ०७१ वर्गाच्या डिझेल इंजिनाचं आहे. ऑक्टोबरमध्ये एका प्रदर्शनात जुन्यात घेतलं, १६० युरोला. विकणारे आजोबा १८० म्हणत होते. मी दोनदा टेबल सोडून गेले आणि तिसऱ्या फेरीला सौदा जमला. आवाजाचा डिकोडर मात्र दुकानातून नवा घेतला, ११८ युरोला. म्हणजे इंजिनाच्या पाऊण किमतीचा नुसता आवाज, आणि तोच पहिला बिघडला.

दुसरं कुठलं इंजिन न घेता हेच का घेतलं, तर आम्ही डब्लिनला कॅब्रात राहतो आणि घरामागून फिनिक्स पार्कच्या बोगद्याकडे जाणारी लाइन जाते. बोगदा १८७७ चा. कित्येक वर्षं त्यातून रोजची प्रवासी गाडी नव्हती, ती २०१६ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. पण माझं लक्ष असतं बॅलिनाहून डब्लिन बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाडीवर. तिला कधी २०१ वर्गाचं इंजिन असतं, कधी ०७१. ०७१ असलं की भांडी घासताना पाण्याच्या आवाजातूनही कळतं. ही १८ इंजिनं १९७६ मध्ये अमेरिकेतून आली, इलिनॉयमधल्या ला ग्रेंजच्या कारखान्यातून. १९९४ मध्ये २०१ येईपर्यंत एक्सप्रेस गाड्यांचा मान त्यांचाच होता. पन्नाशीला टेकली तरी माल ओढतायत.

त्यांच्या मागची गोष्ट मला फार आवडते. आयर्लंडच्या सरकारी वाहतूक कंपनीनं, सीआयईनं, १९५५ पासून ६० ए-वर्ग इंजिनं घेतली, मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची, आत क्रॉसलीचं टू-स्ट्रोक यंत्र. त्या यंत्रांनी वर्कशॉपला जेरीस आणलं. मग १९६१ मध्ये जनरल मोटर्सची १५ छोटी इंजिनं आणून बघितली, तीच १२१ वर्गाची. त्यांना एकाच टोकाला केबिन, पण ती न कुरकुरता धावली. पुढच्याच वर्षी दोन्ही टोकांना केबिन असलेली ३७ आली, १९६६ ला आणखी १२. शेवटी १९६८ पासून ए-वर्गातली क्रॉसलीची यंत्रंही काढून त्यांत जनरल मोटर्सचीच बसवली. ०७१ हे त्या विश्वासातून आलेलं इंजिन आहे, आणि मॉडेल घेताना माझ्या डोक्यात हे सगळं होतं.

पहिले दोन आठवडे मी नुसती खूश होते. छताच्या जाळ्या, हातपकडीच्या तारा, केबिनमधल्या खुर्च्या, सगळं जागच्या जागी. बाबा घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते, सगळी उमर अल्को कंपनीच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांमध्ये गेली. त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. काही न सांगता आधी फक्त आवाज ऐकवला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हे अल्को नाही. टू-स्ट्रोक आहे. हुबळीची डब्ल्यूडीजी-४ यायची ना मिरजेकडून, त्या जातीचं." मला इतका आनंद झाला की ११८ युरो त्याच क्षणी वसूल झाले असं वाटलं.

मग मी फोन रुळाला टेकवला आणि इंजिन समोरून दाखवलं. बाबा दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "चाकं इतकी आत का गेलीत गं?"

त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना.

आयर्लंडचा रूळ, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर (गेज), ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मिलिमीटर. ओओमध्ये एका फुटाला ४ मिमी, त्यामुळे मॉडेलचा रूळ २१ मिमी हवा. मिळतो १६.५ चा. हे माप मुळात एचओ या थोड्या लहान मॉडेल मापाचं, तिथे फुटाला साडेतीन मिमी. ब्रिटिश इंजिनं अंगानं बारीक, त्यांत त्या काळच्या मोटरी मावत नव्हत्या, म्हणून वरचं धड मोठं केलं आणि रूळ तोच ठेवला. ब्रिटिश मॉडेल त्यामुळे सव्वादोन मिमीच्या आसपास चुकतं. आयरिश मॉडेल पूर्ण साडेचार मिमी चुकतं. माझं ०७१ ज्या रुळावर उभं आहे तो खऱ्या मापात ४ फूट दीड इंच भरतो. साडेतेरा इंच नुसते गायब! भारतीय ब्रॉडगेजचं मॉडेल करणाऱ्यांचंही हेच दुखणं आहे. ५ फूट ६ इंचाला एचओमध्ये सव्वाएकोणीस मिमी हवेत, तेही साडेसोळावरच चालवतात. पण त्यांची चूक पावणेतीन मिमीची, माझ्याहून कमी.

बोगी (इथे डबा नव्हे, चाकांची खालची चौकट) आणि चाक यांच्यामध्ये मी आगपेटीची काडी घालून बघितली. अलगद बसली, दोन्ही बाजूंना. खऱ्या इंजिनात चाक चौकटीला जवळजवळ घासून असतं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा फरकाचं काय घेऊन बसलीस. पण आयरिश रेल्वेचा सगळा इतिहासच त्या मापात आहे. १८३४ च्या डिसेंबरात डब्लिन ते किंग्जटाउन गाडी सुरू झाली, ती ४ फूट साडेआठ इंचांवर. उत्तरेत अल्स्टर रेल्वेनं ६ फूट २ इंच घेतलं. मधल्या डब्लिन-ड्रोगेडा कंपनीनं ५ फूट २ इंच ठरवलं. छोट्याशा बेटावर तीन मापं, आणि या लाइनी एक दिवस एकमेकींना भेटणार हे उघड होतं. भांडण सरकारकडे गेलं. बोर्ड ऑफ ट्रेडच्या (ब्रिटिश सरकारच्या व्यापार खात्याच्या) पॅस्ली यांनी जाणकारांना विचारलं, सल्ले ५ फूट ते ५ फूट ६ इंच असे आले, त्यांनी मधला आकडा धरला. १८४६ च्या कायद्यात तोच पक्का झाला. अल्स्टरनं आपले रूळ आत घेतले, किंग्जटाउनच्या लाइनीनं १८५७ मध्ये रुंद केले. पुढे एका आयरिश इंजिनिअरच्या आग्रहानं हेच माप ऑस्ट्रेलियात पोचलं, व्हिक्टोरियात आजही आहे. ज्या मापासाठी लोकांनी बांधलेले रूळ उखडले, ते मॉडेलमध्ये कोणीतरी सोयीसाठी सोडून द्यावं, हे मला पटत नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

चालण्याबद्दल तक्रार नाही. सहाच्या सहा आस रुळाला धरून, चढावर घसरत नाही, मुंगीच्या वेगानंही न अडखळता जातं. ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणावर निघतं, पण नाक फार बाहेर येतं आणि बघवत नाही. जागा असेल तर मोठं वळण घ्या. रूळ दर पंधरा दिवसांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसते. कॅब्रातल्या ओलाव्यात तेवढं लागतंच.

आठव्या महिन्यात एका रविवारी आधी आवाज फाटला, मग गेला, मग इंजिन जागीच थांबलं. हात लावला तर छप्पर कोमट. डिकोडर काढला, त्याच्या जागी ब्लँकिंग प्लग (डिकोडरविना वीज थेट मोटरला देणारा तुकडा) लावला, साध्या डीसी कंट्रोलरवर टाकलं. धावलं. म्हणजे मोटर ठणठणीत, दोष डिकोडरचाच. ही तपासणी प्रत्येकानं करावी. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या भांडणात हाच पुरावा उपयोगी पडतो.

दुकानाचं नाव मी लिहीत नाही. त्यांचं पहिलं उत्तर होतं: तुम्ही इंजिन उघडलंत, वॉरंटी संपली. अहो, न उघडता डिकोडर बसवायचा कसा? दुसरं उत्तर: बनवणाऱ्या कंपनीला लिहा. तिसरं: पाठवा, पण टपालखर्च तुमचा, तपासणीची फी वेगळी. नाइट ड्युटी करून आल्यावर पहाटे ही उत्तरं वाचायची, याचा फार मनस्ताप झाला. माझे ११८ युरो हे दोन वीकेंडांच्या जादा पाळ्यांमधून काढलेले पैसे होते.

शेवटी कायदा वाचला. आयर्लंडमध्ये २०२२ चा ग्राहक हक्क कायदा आहे. दुकानातून ग्राहक म्हणून घेतलेल्या वस्तूत बारा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरतात, नव्हता हे विक्रेत्यानं दाखवायचं. दुरुस्ती किंवा बदली त्यानंच द्यायची, ग्राहकाला खर्च न पाडता. आणि २,००० युरोपर्यंतच्या तक्रारीसाठी स्मॉल क्लेम्सची (छोट्या दाव्यांच्या कोर्टाची) सोय आहे, फी २५ युरो, वकील लागत नाही. हे चार ओळींत लिहिलं, ब्लँकिंग प्लगवर चालणाऱ्या इंजिनाचा व्हिडिओ जोडला, खरेदीची पावती जोडली. दोन दिवसांत भाषा बदलली. तरी बदली यायला आणखी तीन आठवडे गेले. परत पाठवण्याचे साडेनऊ युरो मागितले, तेही मिळाले. पावत्या जपून ठेवा, एवढंच कळकळीनं सांगते.

त्या मुक्या नऊ आठवड्यांत माझं गेजबद्दलचं मत बदललं. चालवायला काही नव्हतं, म्हणून रूळच नीट बघत बसले. आणि लक्षात आलं की माझा निम्मा राग चाकांवर नव्हताच, स्लीपरांवर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवर) होता. मी घेतलेला लवचिक रूळ एचओच्या मापाचा. त्याचे स्लीपर आखूड आणि दाट, त्यामुळे आधीच अरुंद रूळ आणखी अरुंद दिसतो. एक वारभर तुकडा उलटा केला, स्लीपर जोडणारे प्लॅस्टिकचे दुवे कापले आणि एकेक स्लीपर सरकवून दोघांच्या मध्यांत दहा मिमी अंतर ठेवलं. टोकांचा आखूडपणा खडीत बुडवला. खडी चिकटवायला पांढरा डिंक, निम्मं पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. चाकांच्या मागच्या बाजूला आणि चौकटीच्या आत मंद काळा रंग दिला, जिथे चाक रुळाला टेकतं ती कड सोडून.

खर्च सहा युरोही झाला नाही. दुसऱ्या दिवशी बाजूनं बघितलं आणि काडीची फट सापडेना. आहे, समोरून वाकून बघितलं तर आहेच. पण बाजूनं, संध्याकाळच्या उजेडात, खडीतून जाणारा रूळ रुंद वाटतो. सहा महिने मी ज्यासाठी मॉडेल विकायच्या गोष्टी करत होते, त्यातला मोठा भाग सहा युरोत सुटला.

पूर्ण २१ मिमीवर जायचा विचार केला होता. करणारे करतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण इंजिनाचे सहाही आस बदलायचे, आणि सांधे हातानं बांधायचे, तांब्याचा थर असलेल्या स्लीपरवर एकेक रूळ डाग देऊन. डब्लिनजवळच्या मालाहाइडला सिरिल फ्राय यांचा मॉडेल रेल्वेचा संग्रह बघून आले. डब्लिनच्या इंचिकोर रेल्वे वर्कशॉपमधला हा माणूस घरी बसून एकेक इंजिन, एकेक डबा हातानं घडवत राहिला. त्या काचेसमोर उभं राहिल्यावर कळतं की याला आयुष्य द्यावं लागतं. मला पाळ्या सांभाळून आठवड्याचे चार तास मिळतात. इंजिनाला मी हात लावणार नाही.

घ्यावं का, तर घ्या. जुन्यात मिळालं तर आधी डीसीवर दोन्ही दिशांना चालवून घ्या. आवाजाचा डिकोडर महाग वाटला तर सहा महिने थांबा, इंजिन मुकंही देखणं आहे. पण रुळावर काम केल्याशिवाय चाकांवर रागावू नका, मी तो वेळ फुकट घालवला.

एक गोष्ट मात्र केली. कोपऱ्यात पडलेला जुना मालडबा घेतला, आतली प्लॅस्टिकची कड कानसून काढली आणि आसावर चाकं बाहेर सरकवून २१ मिमीवर आणली. त्याच्यासाठी वीतभर रूळ डाग देऊन बांधला. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय, मागच्या खऱ्या लाइनीच्या रेषेत. रविवारी बाबांना समोरून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हा बरोबर उभा आहे. आता मोजून सांग, आतून आतून किती भरतंय?" मी व्हर्नियर आणायला उठले.